धूर दिसतो तिथून

सिस्टर लोर्ना : ...एकदा तिकडे बघा तरी, पर्पेतुआआजी. पलीकडच्या काठावर सगळं गाव उभं आहे.

पर्पेतुआ : धुक्यात मला काही दिसत नाही. मारियामाउलीला नदीपर्यंत आणलं, झालं माझं काम. पुढे तुम्ही न्या.

सिस्टर लोर्ना : रीत तुमचीच ना? या गावच्या आजीनं मूर्ती पलीकडच्यांच्या हातात द्यायची. आम्ही मिशनची माणसं नुसती गाणी म्हणत मागून चालणारी. लढाई थांबल्यापासून माउली पहिल्यांदाच ही नदी ओलांडतेय.

पर्पेतुआ : हातात द्यायची, पण कुणाच्या? त्या लिनुसच्या! त्यांच्या माणसांनी माझ्या पोराला, दामियनला नेलं. त्याची हाडं घरी येईपर्यंत अळकुडी खाणार नाही, असा नेम आहे माझा.

सिस्टर लोर्ना : काल मी अळकुडी खायचा आग्रह केला, तर तुमची सून माझ्यावर डोळे वटारून बसली.

पर्पेतुआ : बरं केलं तिनं. तुमचा आग्रह म्हणजे डुकराला दोरी लावून ओढणं.

सिस्टर लोर्ना : ओढत नाही हो. पण बघा, कुणीतरी पाण्यात उतरलंय. धुक्यातून नुसतं डोकं तरंगल्यासारखं येतंय.

(लिनुस ओल्या अंगानं काठावर येतो. मूर्तीकडे हात करत नाही.)

लिनुस : मावशी...

पर्पेतुआ : मावशी म्हणू नकोस.

लिनुस : तुमच्या चुलीपाशी जेवून वाढलो. दुसरं काही तोंडात येत नाही. माउलीला हात लावण्याआधी एक सांगायचंय. नंतर सांगितलं, तर तिच्या आड लपल्यासारखं होईल.

पर्पेतुआ : मारलंस तू त्याला?

लिनुस : नाही. पण तो लपला होता तिथली वाट आमच्या लढणाऱ्यांना मी दाखवली. पाठीला बंदूक होती. तरी दाखवली मीच.

सिस्टर लोर्ना : लिनुस, जरा बेतानं...

पर्पेतुआ : बोलू द्या त्याला.

लिनुस : त्याला मारून ते निघून गेल्यावर पुरलंही मीच. जागा सांगितली असती, तर मारणाराही मीच ठरलो असतो. भ्यालो, मावशी.

पर्पेतुआ : डोंगरात नेलं होतं ना? तिथे कुठे पुरलंस? रोज संध्याकाळी डोंगराकडे तोंड करून माळ जपते मी.

लिनुस : डोंगरात नाही. इथे, पलीकडच्या काठावर, बदामाच्या झाडाखाली. खूण म्हणून वर लाल पानांचं झुडूप लावलंय. तुमच्या चुलीचा धूर दिसतो तिथून.

पर्पेतुआ : धूर दिसतो? म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसले?

सिस्टर लोर्ना : माउलीला कळत होतं, आजी, कुणासाठी जपताय ते.

पर्पेतुआ : तिला कळत होतं, तर मला खांद्याला धरून वळवायचं होतं तिनं! ...धरा मूर्ती, सिस्टर.

सिस्टर लोर्ना : आजी, परत निघालात?

पर्पेतुआ : नाही. पाण्याला ओढ आहे, रिकामा हात हवा. पलीकडे गेल्यावर देईन रीतीनं. लिनुस, हात दे.

लिनुस : मावशी, जेवण केलंय तिकडे. तुमच्यासाठी रताळी वेगळी उकडलीत.

पर्पेतुआ : रताळीच खाईन आज. पण जाताना अळकुडीचं एक रोप दे मला घरी लावायला. ती तयार होईस्तोवर आणू दामियनला घरी.