कापलेलं वाक्य

(म्हसावदचं छोटं रेडिओ केंद्र. सकाळचे दहा. निवेदिका शमा, यंत्रं सांभाळणारे मेहबूबचाचा आणि रानातल्या कंदांची माहिती रेडिओसाठी सांगणाऱ्या, डोंगरातून जीपने नुकत्याच उतरलेल्या दिवलीबाई.)

दिवलीबाई : मी सांगितलं होतं का नव्हतं सांगितलं? तेवढंच बोल.

शमा : सांगितलं होतं, दिवलीबाई. कडू कंदाच्या पातळ चकत्या करायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग उकळून ते पाणी फेकायचं. सगळं सांगितलं होतं तुम्ही.

दिवलीबाई : मग रेडिओत का नाही आलं? चुलीपाशी बसून ऐकत होते मी. कंद खणला, चकत्या केल्या, आणि लगेच मीठमिरची! मधली रात कुठं गेली?

शमा : मी कापली. फर्माईशीची दोन गाणी बसत नव्हती. वाटलं, ही धुण्याबिण्याची माहिती...

दिवलीबाई : धुण्याबिण्याची? तसाच खाल्ला तर माणूस ओकून ओकून आडवा होतो, बाई. माझ्या सासूचा भाऊ गेला त्यानं.

मेहबूब : आते तिले नका बोलू, दिवलीबाई. पोरनी सकायपाईन पानीबी पिदं नही. चार डाव रेडिओवर चूक कबूल कयी तिनी.

दिवलीबाई : ऐकलं जीपमध्ये. ड्रायव्हरनं गाणं बंद करून लावलं होतं. लोकांचे फोन आले?

मेहबूब : मोजाले येळ नही, इतला फोन ऊनात. कोनीच खादं नही. डोंगरनी भिकुबाई त माले म्हने, आमले काय कंद माहीत नही का?

शमा : डोंगरातल्यांना माहीतच आहे. मला भीती खालच्यांची. मोहिनीताई फोनच उचलत नाहीत.

दिवलीबाई : कोण मोहिनी?

शमा : पुरुषोत्तमनगरच्या. कार्यक्रम संपल्या संपल्या त्यांचा फोन आला. म्हणाल्या, कालच बाजारातून कंद आणलाय, आत्ताच करते, मुलींना डब्यात देते. आणि मी त्यांना... मी शाब्बास म्हटलं, दिवलीबाई.

दिवलीबाई : बस खाली. बस आधी.

मेहबूब : मन्हा भाचा तौहिदनं तठेच गॅरेज शे. त्याले धाडेल शे तिना घर. समदं ठीक व्हई जाई, बेटा.

शमा : दोन मुली आहेत त्यांना. लोक घरातले दाणे देऊन हे केंद्र चालवतात, चाचा. आपलं ऐकून त्यांनी कढई ठेवली.

मेहबूब : थांब, फोन वाजना! तौहिद शे... हां, बोल. हां... दे, तिले दे. शमा, ले. त्या सोता शेत.

शमा : मोहिनीताई? कुणी खाल्लं का?

मोहिनी : अगं, कसलं खातंय! मीठ बघायला एक तुकडा जिभेवर ठेवला, तर नुसता जहर! तोंडाची आग आग. तिथंच थुंकले. कढई खड्ड्यात रिकामी केली आणि पोरींना गूळ-पोळी दिली.

शमा : मुली बऱ्या आहेत?

मोहिनी : शाळेत सोडून आत्ताच येतेय. फोन घरीच राहिला. दारात हा मुलगा उभा, घामानं निथळत. मला वाटलं, माझंच काही चुकलं रांधताना.

शमा : तुमचं नाही, माझं चुकलं, ताई. तुमची जीभ कशी आहे?

मोहिनी : जराशी चुरचुरतेय. तू रडतेस का गं?

शमा : नाही. म्हणजे हो. दवाखान्यात दाखवून या. तौहिद नेईल गाडीवर.

मोहिनी : जाते. पण तू आधी चहा घे, आवाज बसलाय तुझा.

मेहबूब : या अल्ला, शुकर तुन्हा! मी ठेवस चहा. सगळासले साखर जास्तीनी.

शमा : दिवलीबाई, तुमचा कार्यक्रम हवं तर दुसऱ्या कुणाला द्या. मी तोंड कसं दाखवू तुमच्या पाड्यावर?

दिवलीबाई : दुसरं कोण चढतं आमच्या डोंगरात? मांडी घालून ऐकत बसतं? चुकलीस, सगळ्यांसमोर बोललीस. पुरे.

शमा : मग आत्ताच या माईकपुढं. कंदाचं पहिल्यापासून सांगा. आधी तुमच्या पावरी बोलीत, मग मराठीत.

दिवलीबाई : आणि लोकांची गाणी?

शमा : लोक थांबतील.

मेहबूब : लाल दिवा लागना का सुरू करा, दिवलीबाई.

दिवलीबाई : किती वेळ बोलू?

शमा : तुमचं संपेपर्यंत.