वाचून परत देतो

मीरा : म्हणजे पुस्तक चोरीला गेलं, पण कपाटात होतंच? आजोबा, दॅट मेक्स नो सेन्स.

ज्ञानदेव : घाई नको. आधी माझ्याबरोबर एक चित्र उभं कर. इथलंच, एडिसनमधलं घर. हॉलमध्ये कपाट, त्यात मराठी पुस्तकं आणि प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर. तुझी आई किराण्याची पिशवी कापून तुझ्या पुस्तकांना घालते ना, तसं. दिसलं?

मीरा : दिसलं. सगळी सेम दिसतायत.

ज्ञानदेव : हां. पुस्तक घरात आलं की आपले लोक आधी कव्हर घालतात, वर ठसठशीत नाव लिहितात. नाव बाहेरून दिसतं, म्हणून उघडून कुणी बघत नाही.

रत्नाबाई : आणि कुणी मागायला आलं, "मी तुमच्याच गावाकडचा" म्हणाला, की चहा पाजून हातात देतात. तेही सांगा.

ज्ञानदेव : सांगतोय. त्र्याऐंशी सालची गोष्ट आहे, मीरा. तुझा जन्म व्हायचा होता. जर्सी सिटीत एका लाँड्रीच्या वर माझं दुकान होतं. जुनी, दुर्मिळ पुस्तकं शोधायची आणि मोठ्या लायब्रऱ्यांना द्यायची, हा माझा धंदा.

रत्नाबाई : धंदा कसला, धूळ.

ज्ञानदेव : मी शोधत होतो त्यातली एक पुस्तिका होती चौसष्ट पानांची. नागपूरकडच्या एका गावातल्या, आपल्याच समाजाच्या मास्तरांनी त्याच्याही पन्नास वर्षं आधी स्वतः छापलेली. त्या गावात एका दुपारी आपल्या लोकांची वस्ती जाळली होती. विहिरीवरून भांडण झालं, आणि वस्ती पेटवली. कोर्टात साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं नाही. मग मास्तरांनी सगळं लिहून काढलं. काडी कुणी लावली, वाट कुणी अडवली, नावानिशी.

मीरा : पण का जाळली? फक्त पाण्यासाठी?

ज्ञानदेव : आमच्या हाताचं पाणी गावातल्या वरच्या जातींना चालत नव्हतं, बाळ. तुला पटणार नाही. पटू नयेच.

रत्नाबाई : पुढे चला. पोरगी किती वेळ बसेल?

ज्ञानदेव : त्या गावची चार कुटुंबं इकडे आली होती. चौघांच्या घरी एकेक प्रत. एका विद्यापीठाचं पत्र आलं, की आम्हाला तिचे फोटो काढून ठेवायचेत. म्हणून मी पहिल्या घरी गेलो. ते म्हणाले, ही काय कपाटात. काढलं. कव्हरवर नाव बरोबर. उघडलं, तर आत गवत कापायच्या मशीनचं माहितीपुस्तक. त्याच मापाचं कापलेलं.

मीरा : दॅट्स क्रीपी.

ज्ञानदेव : मी विचारलं, कुणी नेलं होतं का? ते म्हणाले, एक श्रीरंग म्हणून गृहस्थ आले होते. फार सज्जन. बूट बाहेर काढले, आईच्या पाया पडले. वाचून परत देतो म्हणाले आणि आठ दिवसांत खरंच परत आणून दिलं. वर पेढे. दुसऱ्या घरी तेच. तोच माणूस, तसेच पेढे. आत टोस्टरची माहिती.

मीरा : पण त्याला कसं कळलं कोणाकडे पुस्तक आहे?

ज्ञानदेव : असतात काही माणसं. चौकशी करतात, शोधतात...

रत्नाबाई : अहो. पोरगी सरळ विचारतेय. सरळ सांगा.

(ज्ञानदेव चष्मा काढून पुसत राहतो.)

ज्ञानदेव : मी सांगितलं होतं त्याला. तो आधी माझ्या दुकानात आला. तासभर बसला, एकेक पुस्तक हलक्या हातानं उघडलं. मला वाटलं, चला, जपणारा कुणीतरी भेटला. त्यानं विचारलं, मास्तरांची ती पुस्तिका कुणाकडे असेल? मी चार घरांची नावं, पत्ते आणि फोन कागदावर लिहून दिले. माझ्या अक्षरात.

मीरा : तुम्हाला माहीत नव्हतं ना.

ज्ञानदेव : विचारलंही नाही, की तुम्हाला कशाला हवीय. तो विकायला गोळा करत असता तर कुठेतरी बाजारात आली असती. विद्यापीठाचं पत्र आल्याबरोबर मी नागपूरलाही लिहिलं होतं. दुसऱ्या घरून परतलो तर उत्तर आलेलं, की इकडच्याही प्रती असाच एक माणूस वाचायला घेऊन गेला. कव्हरं परत आली. हेही लिहिलं होतं, की पुस्तिकेतल्या नावांत त्या श्रीरंगच्या आजोबांचं नाव पहिलं होतं. गावात आता त्यांच्या नावाची शाळा निघायची होती.

मीरा : मग तो पुस्तकांचं काय करायचा?

रत्नाबाई : जाळली असतील. त्या घराला सवय आहे.

ज्ञानदेव : तिसरं घर सुचित्राचं. मी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. तिच्याही कव्हरात भलतंच. राहिला चौथ्या घरचा धर्मराज. मी तिथूनच त्याच्या घरी फोन लावला. उचलला त्याच्या मुलीनं, उत्तरानं. अकरा वर्षांची. आईबाबा दोघं कामावर.

मीरा : एकटी होती?

ज्ञानदेव : एकटीच. मी म्हटलं, उत्तरा, कपाटातली ती पुस्तिका कुठे आहे? तर म्हणाली, "माझ्या हातात आहे, काका. श्रीरंग अंकल घ्यायला आलेत. बाबांनी सांगून ठेवलं होतं, ते आले की दे म्हणून."

मीरा : नो.

ज्ञानदेव : मी विचारलं, दार उघडलंस का? म्हणाली, "नाही, तेवढ्यात फोन वाजला. ते पोर्चवर आहेत. तुम्हीच पाठवलंय म्हणतात." मी सांगितलं, मी पाठवलेलं नाही. उघडू नकोस. साखळी लाव. सुचित्रा पोलिसांना फोन करायला शेजारी धावली. आणि मी रिसीव्हर धरून उभा. चाळीस मिनिटांवर ती पोर, आणि माझ्या हातात नुसती एक वायर.

रत्नाबाई : हळू सांगा. बघा तिच्याकडे.

मीरा : मी घाबरले नाहीये, आजी. पुढे?

ज्ञानदेव : उत्तरा कुजबुजायला लागली. म्हणाली, ते आता पोर्चवर नाहीत. मग म्हणाली, मागच्या दारापाशी आवाज येतोय. मी विचारलं, मागचं दार बंद आहे? तर म्हणाली, फक्त जाळीचं लावलंय.

मीरा : मग तुम्ही काय म्हणालात?

ज्ञानदेव : म्हटलं, पुस्तक टाक त्याच्याकडे. तो पुस्तकासाठी आलाय, नेऊ दे. तू बाथरूममध्ये जा आणि कडी लाव.

रत्नाबाई : हे मात्र तुम्ही बरोबर केलंत. एवढंच.

ज्ञानदेव : तिनं विचारलं, "दुसरी कुठे आहे का?" खोटं बोलवेना. म्हटलं, नाही, ही शेवटची. "काय आहे हिच्यात?" म्हटलं, एकोणचाळिसाव्या पानावर माणसांची नावं आहेत. ती त्याला नकोयत. तू टाक पुस्तक, उत्तरा. पळ.

मीरा : टाकलं तिनं?

ज्ञानदेव : ते कळायच्या आत जाळीचं दार वाजल्याचं मला फोनवर ऐकू आलं. मग त्याचा आवाज. अगदी गोड. "बेटा, मी नुसतं वाचून परत देतो."

मीरा : आजोबा, ती ठीक आहे ना? पोलीस आले ना?

ज्ञानदेव : आले, आणि ती ठीक आहे. आधी तिनं काय केलं ते ऐक. त्यांच्या फोनची वायर लांब होती. ती फोन ओढत बाथरूममध्ये गेली. कडी लागल्याचं ऐकू आलं. पुस्तक टाकलं नव्हतं, बरोबर होतं. मला वाटलं, आता रडेल. बाहेरून दारावर टकटक चालू झाली, सावकाश. ती म्हणाली, "काका, पेन आहे?"

मीरा : पेन?

ज्ञानदेव : हो. आणि मराठी वाचायला तिला धड येत नव्हतं गं. जोडाक्षर आलं की अडायची. पण तिनं एकोणचाळिसावं पान काढलं आणि एकेक अक्षर लावत मला पहिलं नाव वाचून दाखवलं. मग थांबली, आणि विचारलं, "लिहिलंत?"