एका घराला एकच खातं

न्हाई न्हाई, बसा तुमी, वाल्मीकराव, ते मशीन अजून बंद करू नगा — बंद केलं की उटाल आन् पुन्याची यष्टी धराल, आन् मला तुमच्यासंगं बोलायचंय. अमजद भूगावला गेलाय, ते इजेचं खोकं आनायला — काय म्हनता त्येला, ष्ट्याबिलायझर, तेच — त्येला यायला तास तरी लागंल. माजा ल्योकच हाय तो, पर त्येच्याफुडं हे बोलायचं न्हाई. हिशेबासाठी त्या मशीनमंदी ते साफ्टवेर का काय म्हनता ते, फुकटातलं घालायचं का अठराशे रुपयाचं, ह्ये काल तुमी दोगं बोलत व्हता ते मी तितं कोंड्याच्या पोत्यावर बसून समदं ऐकलं. मला त्यातलं काय कळतंय? कायबी न्हाई. चार बुकं शिकले, वही लिवते, मालक गेल्यापास्नं नऊ वर्सं ही भाताची गिरणी चालवते, बास. पर येक इचारायचंय — त्या दोनीतलं कमी बोलनारं कंचं?

हसू नगा. मी चेष्टा करत न्हाई. परवा मी नेऱ्याला भनीकडं गेले व्हते आन् तुमी दोगांनी समद्या वह्या त्यात घातल्या. अमजदनं किती वह्या दिल्या तुमास्नी? पाच निळ्या, व्हय. आन् येक लाल. ती लाल वही कुटं व्हती म्हनून सांगितलं त्येनं? फळीवर, चाळणीच्या मागं, जुन्या फडक्यात गुंडाळलेली — आता हिशेबाची वही कोन असं ठेवंल? त्येला वाटलं अम्मी ठेवून इसरली. तुमाला वाटलं, आली तर घाला. आन् आज बाजाराचा दिस, तुमी सकाळी आठला त्या कागदाच्या पट्ट्या छापाया घेतल्या — करकर करकर आवाज निघतुया आन् दारात ही गर्दी — आन् अमजद, छाती काढून, येकेका घराला येक पट्टी वाटतुया. बगा म्हनं, आमच्या गिरणीत काम्पुटर आलाय, तुमचं खातं छापून मिळतंय. मी घरचं आवरून नवाला गिरणीत आले तवर चाळीस पट्ट्या गेल्यावत्या.

ती लाल वही बायकांची हाय. झालं. बोलले. नऊ वर्सांत कुनाजवळ बोलले न्हवते. आवो, भात भरडाया कोन आनतं? बाईच आनती, डोक्यावर. तांदूळ निघाला की त्यातलं येक मापटं माज्याकडं ठेवती — रोशनबी, हे माजं. मी ते इकते आन् तिच्या नावावर लिवते. मंग कुनाला डोळ्याला चष्मा पायजे असतो, कुनाला म्हायेरी जायाला यष्टीचं भाडं पायजे असतं, कुनाची पोर अडली तर दवाखान्याला — घरात मागायची सोय असती तर माज्याकडं कशाला आल्या असत्या? सगुणाबाईनं शिवनाचं मशीन घेतलं, घरी सांगितलं भावानं दिलं. आमच्या घरच्या सोडून येकवीस बायका हायेत त्यात, आन् येकीचं दुसरीला ठावं न्हाई. माज्याबिगर कुनालाच ठावं न्हाई. पैलं पान कुनाचं हाय ते इचारू नगा. — माजंच हाय, आनी कुनाचं असनार.

आन् तुमच्या मशीननं काय केलं? आडनाव येक, गाव येक, म्हंजी घर येक — नवऱ्याच्या खाली बायकोचं नाव, त्येच्या म्होरं तिचा तांदूळ, आन् खाली बेरीज. येका घराला येकच खातं, लई सोपं जातं म्हनता. सोपं कुनाला जातं ते मला इचारा. मी बाजारभर पळत फिरले. भाजीवाल्यापाशी, न्हाव्याच्या खुर्चीपाशी, शिक्का मारायचा ऱ्हायलाय म्हनून सांगून पट्ट्या मागं घेतल्या — ही बगा, कनवटीला हायेत, वीस. येकविसावी न्हाई मिळाली. ती भरे गावच्या हैबतरावांकडं हाय. म्हनले, द्या हिकडं, शिक्का मारून देते. तर म्हनले, चष्मा घरी ऱ्हायलाय, आदी मास्तरांकडनं वाचून घेतो, मंग शिक्का मारा. आन् खिशात घालून गेले.

जया त्येंची बायको. पाच वर्सं मापटं मापटं करून साडेचार मण झालंय तिचं. थोरली पोर दाव्वी झाली, तिला पुन्याला नर्सच्या कोर्साला घालायची, त्येच्यासाठी. हैबतरावांनी पोरीचं लगीन जमवत आनलंय. आन् माणूस कसा हाय म्हनाल तर बाजारात हात जोडून बोलनारा, पंचात बसनारा. गेल्या दिवाळीला जयानं न इचारता दोन पितळी घेतल्या, तर आठ दिस ती उटली न्हवती. पडवीतनं पाय घसरला म्हनाली. समद्यांचेच पाय घसरतात, वाल्मीकराव. माजाबी हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला असंच सांगते मी. अमजदलाबी तेच ठावं हाय. ही दोन बोटं मिटत न्हाईत ती बगता ना कालपास्नं — बगताय, मला कळतंय. पट्टा न्हवता तो. अमजदचे अब्बा व्हते, आन् त्येंच्या हातात लोखंडाची पायली व्हती. नवी नवरी व्हते, कोंड्याच्या पोत्यात शेरभर तांदूळ लपवलेला त्येंनी बगितला. शेरभर. आन् जयाचं साडेचार मण हाय.

तर त्या अठराशेवाल्यात कुलूप हाय म्हनता? परवलीचा शब्द घातल्याबिगर पान उगडत न्हाई? बरं. आन् तो शब्द कुनाला ठावं ऱ्हानार? मशीन अमजद चालवनार, म्हंजी अमजदला. मंग त्या कुलपाचं मी काय करू? माजा पोरगा वाईट न्हाई वो. शमाला, म्हंजी माज्या सुनंला, आजवर येक शब्द वाकडा बोलला न्हाई. पर शमाचंबी पान हाय त्या वहीत — लाल वही तुमीच बसून घातली, त्येनं अजून वाचली न्हाई — ते वाचल्यावर तो कसा ऱ्हाईल ते मला म्हाईत न्हाई. आन् मला ते बगायचंच न्हाई. मला भ्या वाटतंय, सरळ सांगते.

म्हनून माजं येक ऐका. हैबतराव हितनंच माघारी जानार, त्येंची बैलगाडी आमच्या मागल्या अंगाला सोडलीया. ते आले की तुमी म्हनायचं, मशीन चुकलं. दुसऱ्या गावचं नाव तुमच्या घरात घुसलं. तुमचं काय जातंय त्यात? उलट फायदाच हाय — फुकटातलं चुकलं म्हना, म्हंजी अमजद अठराशेचं घेतुया का न्हाई बगा, मी सोता त्येला घ्यायला लावते. काय? — काय म्हनलात? फुकटातलं तुमी सोता लिवलंय?

आस्सं. दोन वर्सं, रातरात जागून. म्हनून फुकट वाटताय, लोकांत नाव व्हावं म्हनून. आन् ते कदी चुकलं न्हाई. माज्या देकत बसून पाच निळ्या वह्यांची बेरीज पैशाला पैसा जुळली, खोटं कशाला बोलू. हुशार हायसा तुमी. पर मंग तुमास्नी येवडंच म्हनायला जड जातंय व्हय, की चुकलं? येकदा. येका मानसाफुडं. त्यो भऱ्याचा माणूस, पुन्यात जाऊन कुनाला सांगनार हाय? तुमाला बायको हाय का हो? — ऱ्हाऊ द्या. नगा सांगू.

बैलांच्या घुंगराचा आवाज आला का? थांबा. आलेत. वाल्मीकराव, तुमच्या पाया पडते, वयानं थोर हाय तरी पडते — येवडं बोला.

या हैबतराव, या. बसा की. पानी देऊ? — न्हाई, बरं. मास्तरांनी वाचली म्हना. व्हय, व्हय, बगते की, आना हिकडं. साडेचार मण, जया, व्हय, छापलंय खरं. आता त्येचं असं हाय, ह्ये वाल्मीकराव, पुन्याचे, मशीन ह्येंचंच हाय. ह्ये सांगतील तुमास्नी. — सांगा वो. — सांगा की, ते काय झालंय. — वाल्मीकराव. —

बरं.

मशीन न्हाई चुकलं, हैबतराव. मशीन बरोबर हाय. तो तांदूळ तुमचाच हाय आन् मी मारलाय. पाच वर्सं, तुमच्या घरचं भात आलं की मापटंभर मागं ठेवायची. माज्या नावावर लिवलं तर अमजद इचारंल, म्हनून तुमच्या कारभारनीचं नाव घातलं. तिला काय ठावं, ती बिचारी पाटी उचलून जायाची. — तिनं? तिला कशाला इचारताय, तिला गिनती तरी कुटं येती? खोटं वाटतंय? मंग हा हात बगा. पट्ट्यात सापडला न्हाई तो. अमजदच्या अब्बांनी मोडला, चोरी करते म्हनून. खोड हाय माजी, पैल्यापास्नंची. आता पटलं? — बोला, काय बोलायचं ते बोला. बाजारात सांगा, पंचात सांगा. तुमचं साडेचार मण आत्ता गिरणीतनं मोजून घालते गाडीत. मागल्या दाराशी लावा गाडी, जावा, मी आलेच.

गेले.

तुमी आता तोंड उगडू नगा, वाल्मीकराव. मगाशी उगडायचं व्हतं. ती लाल वही द्या हिकडं — पैल्या पानावरचं माजं हाय ते जयाला जाईल, ते माजं मी लिवीन, हातानं. तुमचं फुकटातलं का अठराशेचं ते अमजदला इचारा, तो आल्यावर. म्हंजी, अम्मी चोर हाय ह्ये बाजारात ऐकून त्येला गिरणीत ऱ्हावंसं वाटलं तर. लाल वहीचं मशीनमंदलं समदं पुसा आन् बंद करा ते. चला, उटा, पौडावरनं येनारी यष्टी सव्वापाचला हाय, फाट्यावर उबं ऱ्हावं लागतंय.