अनसामावशीचा पहारा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करू नका. चोराची भीती वाटली, तर माणसानं दार कोणाला बंद करावं? चोराला म्हणता? अहो, चोर काय कडी वाजवून, विचारून येतो? मग आपण दार लावतो, ते नेमकं कोणाच्या तोंडावर लागतं?

बघा, मागच्या रांगेत दोघांनी खिसे चाचपले! किल्ली आहे ना? आहे. मग निवांत बसा.

कऱ्हाडच्या बाजूला एक लहानसं गाव. तिथं बैठ्या घरांची एक गल्ली. त्या गल्लीत गजानन दिवेकर राहायचा. शाळेत कारकून. बायको कुंदा, ती शिवणाचे वर्ग घ्यायची. म्हणजे सकाळी दहाला घराला कुलूप, ते सुटायचं संध्याकाळी सहाला. आणि शेजारी कोण? अनसामावशी! एकटी बाई. नवरा जाऊन सात वर्षं झालेली. पुढच्या खोलीत चुरमुरे-लाह्यांचं दुकान, मागच्या खोलीत चूल.

दिवेकरांची दुसरी किल्ली एकोणीस वर्षं मावशीकडे. दुपारी नळ आला, की मावशी जाऊन बादल्या भरणार. मांजर शिरलं, की हाकलणार. कुंदाला टायफॉइड झाला, तेव्हा उशाशी बसून भाताची पेज भरवणारी हीच. नातं कागदावर काहीच नाही. पण सणाचं पहिलं ताट दिवेकरांच्या घरातून कुठं जायचं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आणि मागच्या गल्लीत घरफोडी झाली. भरदिवसा, अकरा वाजता! गजाननानं धास्ती घेतली. त्याच्या घरात होतं तरी काय? आईच्या दोन पाटल्या. आई गेली, पाटल्या राहिल्या. कधीतरी त्या हातात घ्यायचा आणि नुसता बसायचा. त्या जातील या विचारानं त्याला जेवण गोड लागेना. संध्याकाळी नवं कुलूप आणलं त्यानं. केवढं? अहो, आपल्या या देवळातल्या दानपेटीचं कुलूप त्याच्यापुढं बाळ!

कुंदा म्हणाली, "एक किल्ली मावशींना देऊन या."

गजानन म्हणाला, "नको. त्यांच्यावर संशय नाही गं माझा. पण दिवसभर लाह्या घ्यायला माणसं येतात त्यांच्याकडे. कोण कसं असेल, सांगता येतं का?"

"आणि मावशींना काय वाटेल?"

"मी सांगतो बरोबर."

आणि काय सांगितलं या शहाण्यानं? "मावशी, कुलूप बदललं. नव्याला एकच किल्ली मिळाली बघा."

मंडळी, कुलपाला एकच किल्ली देणारा दुकानदार कोणी पाहिलाय? आयाबायांनो, तुम्ही? नाही ना! मावशीनंही नव्हता पाहिला. पण ती म्हणाली, "बरं." जुनी किल्ली पदरानं पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली. मृदंगवाले बुवा, हात थांबवा जरा. त्या पुसण्याचा आवाज होत नाही, पण तो ऐकायचाय आपल्याला.

पुढं महिन्याभरात भाचीचं लग्न निघालं, सोलापूरला. चार दिवसांचा मुक्काम. एरवी आठ दिवस आधी मावशीला सांगणारा माणूस — या वेळी पिशव्या दाराआड! रिक्षात बसताना मावशी समोर आलीच. "कुठं निघालात रे?"

"इथंच, मावशी. येतो जाऊन."

इथंच! दोन बॅगा आणि आहेराचं पातेलं घेऊन कोणी इथंच जातं का? मावशी म्हणाली, "सावकाश जावा."

लग्नात गजाननाचं लक्ष काही लागलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आली, आणि समोर पोलीस! आदल्या दिवशी दुपारी गल्लीतली दोन बंद घरं फुटली होती. गजानन बॅगा टाकून धावला. दारापाशी पोचतो तो काय — कुलूप जागच्या जागी!

"बघितलंत?" तो हवालदारांना म्हणाला. "म्हणून चांगलं कुलूप घ्यावं माणसानं."

हवालदार हसले. "साहेब, असलंच कुलूप त्या दोन्ही घरांना होतं. कटावणीनं दोन मिनिटांत काढलं. चोर कुलूप बघत नाही, दार बघतो. त्यांच्या दारात चार दिवसांचे पेपर पडलेले. तुमच्या घरात माणूस होतं, म्हणून वाचलात."

"माझ्या घरात? कोणीच नव्हतं हो."

आणि त्यानं खाली बघितलं. अंगणात सडा, अजून ओला. उंबऱ्याशी ताजी रांगोळी. दोरीवर नऊवारी लुगडं वाळत घातलेलं. आणि दाराबाहेर पुरुषाच्या चपला, जुन्या कोल्हापुरी. गजाननानं त्या ओळखल्या. मावशीच्या नवऱ्याच्या! सात वर्षं देव्हाऱ्याखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. कोणाला हात लावू द्यायची नाही ती त्यांना.

समोरची बाई म्हणाली, "अहो, तुम्ही नव्हताच? मावशी तर रोज दुपारी दाराशी उभ्या राहून मोठ्यानं बोलायच्या. कुंदा, निजलीस का गं? गजानन, चहा घेतलास का रे? आम्हाला वाटलं, तुम्ही आजारी-बिजारी आहात."

मंडळी, बंद दाराशी बोलत होती ती! आतून 'ओ' येणार नाही हे ठाऊक असताना, चार दिवस, रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असं!

गजाननानं कुलूप उघडलं नाही. पाटल्या बघायचं सुचलंच नाही. त्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या आणि मावशीच्या घरात गेला. ती लाह्या पाखडत बसली होती.

"मावशी, मी खोटं बोललो. तीन किल्ल्या होत्या."

"ठावं हुतं मला."

"मग विचारलं का नाही?"

मावशीनं सूप खाली ठेवलं. "इचारलं असतं, तर आणखी एक खोटं बोलाय लागलं असतं तुला. कशाला तुझी जीभ विटाळायची?"

"आणि तरी घर राखलंत?"

"किल्ली न्हेलीस, गजानन. शेजार कुठं न्हेलास?"

तो माणूस पन्नाशीचा, तिथं जमिनीवर बसून रडला. मीही सांगताना रडतो, लपवत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. कुलूप लावू नका, असं मी म्हणत नाही. लावा, चांगलं लावा! पण घाबरून तुम्ही कोणाच्या हातातून किल्ली काढून घेतलीत? कोणाला सांगितलंत, "इथंच, येतो जाऊन"? तो माणूस तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्हालाच त्याच्या दारात जावं लागेल. आज जा, घरी जायच्या आधी जा.

आणि आता हात जोडा, देवाचं नाव घ्या. भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल, एवढ्या आवाजात घ्या.