हौसाचं लुगडं आणि ठिपकीचं घमेलं

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. मुक्या जिवापुढे आपण घास ठेवतो, तो कुणासाठी? त्याच्या पोटासाठी, की आपल्या सोयीसाठी? घाईनं उत्तर देऊ नका! मी दिलं होतं, आणि फसलो होतो.

आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. एका खिलार गाईचं आहे. नाव ठिपकी. आणि तिच्या मालकिणीचं. मालकीण म्हणजे माझं कुटुंब, हौसा. गेल्या श्रावणात गेली. ताप आला आणि चार दिवसांत... असो. गाईचं ऐका.

हौसा संध्याकाळी हुलगे भिजत घालायची. पहाटे चुलीवर शिजवायची. त्यात सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, मिठाचा खडा. झालं आंबोण! कोमट झालं की घमेल्यात काढायची आणि — आता गंमत बघा — आधी एक चिमूट आपल्या जिभेवर ठेवायची!

मी म्हणायचो, "अगं, माझी भाजी तरी कधी अशी चाखलीस का?"

ती म्हणायची, "अवं, तुमाला तोंड हाय. आळणी झाली तर गावभर सांगत फिराल. तिनं कुणाला सांगायचं?"

आहे उत्तर? कीर्तनं मी करतो, पण घरात माझी बोलती बंद!

तर हौसा गेली, आणि ठिपकीनं पान्हा चोरला. कासेला हात लावला की लाथ! शेजारच्या आनसाआजी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "बुवा, तिला मालकिणीचा वास पायजे. पेटीतलं लुगडं काढा अन् गुंडाळा अंगाला. आमच्या सासऱ्यांनीबी असंच केलं हुतं."

हसा, हसा! पखवाजवाले, मान खाली घालून हसू नका, दिसतंय मला! एवढ्या मिशा, आणि वर हिरवं लुगडं! पण मंडळी, ठिपकीनं पदर हुंगला. डोळे मिटले. आणि पान्हा सोडला!

आणि माझं काय झालं सांगू? त्या पदराला चुलीच्या धुराचा वास होता. गोठ्यात धुकं शिरलेलं. कासंडीत धार पडतेय — चुर्र, चुर्र. वाटायचं, मी इथे नाहीच. हौसाच धार काढतेय, आणि मी आत घोंगडीवर पडून ऐकतोय. आता ती हाक मारील, "उठा की, उजाडलं!" रोज वाटायचं. धार संपली की धुकं विरायचं, आणि मीच असायचो.

पण चूल मला पेटवेना. तिच्यापुढे बसलो की हात चालेना. तेवढ्यात आमचे तात्या शेडगे आले, दूध गोळा करणारे. म्हणाले, "बुवा, या वयात हुलगे कसले शिजवताय? तयार खाद्याचं पोतं घ्या. मका अन् सोया! फोडायचं अन् ओतायचं. दूध बघा कसं वाढतंय!"

घेतलं पोतं. धोतरावर गेलो, घमेलं पुढे केलं. ठिपकीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी... मंडळी, हे सांगायला जीभ अडखळते. दुसऱ्या दिवशी मी लुगडं गुंडाळून गेलो. तेच खाद्य, तेच घमेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, पदर हुंगला, आणि खाल्लं!

दूध वाढलं हो! तात्या खूश, मी खूश. मी कडबा कमी केला, पोतं वाढवलं. वाटलं, हौसाची गाय मी सांभाळली!

दीड महिन्यानं शेण पातळ झालं. मग पोट फुगायला लागलं. मग खुरं दुखायला लागली. हा पाय उचल, तो पाय उचल. आणि एका सकाळी ठिपकी उठलीच नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, तरुण मुलगी. पोटाला कान लावला, खुरं चाचपली. म्हणाल्या, "काय घालता हिला?" मी पोतं दाखवलं.

"बुवा, मका-सोया म्हणजे विष नव्हे. पण गाईचं पोट चाऱ्यासाठी घडलंय. तुम्ही चारा काढून घेतलात आणि नुसतं हेच भरलंत. ते आत आंबलं. औषध देते. पोतं बंद करा, फक्त कडबा ठेवा पुढे. रवंथ सुरू झाली तर वाचेल."

निघताना दारात थांबल्या. "पण बुवा, हिनं पहिल्यांदा तोंड नाही फिरवलं?"

फिरवलं होतं, मंडळी! माझ्या हातचं तिनं नाकारलंच होतं. तिनं खाल्लं ते हौसाच्या वासावर. आयुष्यभर चाखून चाखून हौसानं जो विश्वास कमावला, तो मी पोत्यात घालून संपवला!

त्या पोत्यातली चिमूट मी जिभेवर ठेवली. पीठ जिभेला चिकटलं, आणि मागे कडवट चव राहिली. दीड महिन्यात पहिल्यांदा चाखत होतो.

मग लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. धोतरावर गोठ्यात गेलो. कडब्याची पेंढी सोडली, तिच्यापाशी बसलो आणि म्हणालो, "ठिपके, मी आलोय गं. हौसा नाही. ती आता येणार नाही."

हे मी तोवर तोंडानं कुणालाच म्हटलं नव्हतं. आमच्या लेकीलाही नाही.

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. धुकं होतंच. त्या धुक्यात तिनं मान लांबवली आणि कडब्याची एक काडी ओढली. एकच! दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा जबडा हलायला लागला. रवंथ! मी तिथेच, शेणात, हात जोडले.

आठवड्यानं उभी राहिली. बाईंनी होकार दिला, तेव्हा चूल पेटवली. हुलगे शिजवले, थोडेच. कोमट केले, चाखले... मीठच विसरलो होतो! परत चुलीपाशी गेलो, खडा टाकला, परत चाखलं. मग घमेलं पुढे ठेवलं. माझ्या हातचं खाल्लं तिनं! दूध? कमी झालं. पार पहिल्यासारखं. तात्या हळहळले. मी नाही.

आता तुमच्याकडे वळतो. गोठा आहे ना? खुराडं आहे? शहरातून आलेली मंडळी, तुमच्या कुत्र्याची ताटली आहे? पुड्याच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचलंत कधी? की फोडलं आणि ओतलं? तो जीव खातो, शेपूट हलवतो, म्हणून त्याला आवडलं असं समजू नका. तो तुमचा वास ओळखून खातो!

उद्या सकाळी त्याच्यापुढे घास ठेवण्याआधी एक चिमूट आपल्या जिभेवर ठेवा. मगच देवापुढे बसा. देव तोवर थांबेल, त्याला घाई नाही.

आमच्या घरी हौसा चाखायची. आता मी चाखतो. तुमच्या घरी कोण चाखतं, सांगा. सांगा, आणि मग उचला टाळ!