जैनबीचा पाय

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हेच बापजाद्याचं काम. गाव निलंग्याकडचं, किल्लारीहून सायकलवर जावं एवढ्या अंतरावर. भूकंपात घर बसलं तवा माझं नवंनवं लग्न झालेलं, वरच्या मातीच्या माळवदाखाली मी कमरेपर्यंत गाडलो, आन् बायकोनं, जैनबीनं, हातानं माती उपसून उपसून दिस वर आल्यावर मला बाहेर वढलं. बांगड्या फुटल्या, बोटं सोलली, पर मला सोडलं न्हाई. काय सांगू तुम्हाला, तवापासून आमच्या घरात तिचाच हुकूम, आन् बरंच हाय ते.

मंग लातूरला आलो. तितं क्लासचं पेव फुटलं, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला यायली, आन् डॉक्टर व्हायचं म्हणलं तरी पाठ टेकायला गादी लागतीच की. लई गाद्या भरल्या आम्ही, दोन्ही लेकींची लग्नं त्याच कापसावर झाली.

तर गेल्या साली जैनबी गच्चीवर कापूस वाळू घालून उतरताना पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं, आत सळई घातली, वर जखम चिघळली, मुक्काम वाढतच गेला. दवाखाना लहान, एकच हॉल, मधी पडदे. मी तिच्या खाटंखाली माझ्याच हातची पातळ गादी टाकली आन् तितंच ऱ्हायलो. लेकी म्हणायच्या, अब्बा, आम्ही बसतो, तुम्ही घरी जा. म्हणलं, घरी जाऊन बोलणी कुणाची खाऊ?

तिची वेणी बी मीच घालायचो, पर घातलेली वेणी पिंजलेल्या कापसावानी दिसायची, शेजारच्या खाटंवरच्या भोकरच्या मावशी म्हणायच्या, हसवू नका हो, टाके दुखून राहिले. त्यांची उशी दगडासारखी. ती उसवून नीट भरून दिली, मंग काय, ज्याला त्याला उशी भरून पायजे. सिस्टरबाई म्हणल्या, चाचा, दवाखाना हाय का तुमचं दुकान? म्हणलं, बाई, तुमची बी आणा.

पर जैनबी उभी राहीना. डॉक्टर म्हणले, हाड जुळलंय, आता पाय टेकलाच पायजे, न्हाईतर आखडंल आन् जन्मभर खाटंवर. धरून चालायचा वाकर पुढं आणला की ती खाटंचा दांडा धरून बसायची, म्हणायची, हा पाय माझा न्हाईच. एवढा ढिगारा उपसणारी बाई, आन् फरशीला अंगठा लावंना. तिच्यापुढं मी हसायचो, आन् तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर जाऊन रडून यायचो.

एके दुपारी जेवून मी खाटंखाली लवंडलो. शेजारच्या जागेत क्लासवाल्यांच्या नव्या हॉस्टेलचं बोअर घ्यायला मशीन आलं होतं, आम्हाला काय ठावं. ते चालू झालं तशी फरशी हादरली, ताटल्या वाजल्या. डोळं उघडून बघतो तर जैनबीनं माझी कॉलर धरलेली, उठो जी, जमीन हिलरी, भायेर चला, आन् फरफटत मला दाराकडं न्यायली. मी बी उठून पळालो. दारात पोचून मागं बघतो तर सगळे आपापल्या खाटंवर निवांत, भोकरच्या मावशी केळं खाऊन राहिल्या. भूकंपात त्यांच्याकडची भुई कुठं आमच्यासारखी फिरली होती. खिडकीतून बघत म्हणल्या, बोअरचं मशीन हाय ते, कुठं निघालात दोघं?

आन् मंग त्यांचं केळं हातातच राहिलं. म्हणल्या, अगं बया, जैनबी, तू चालत गेलीस की.

जैनबीनं खाली बघितलं. दोन्ही पाय फरशीवर. कॉलर काय सोडंना. म्हणली, पडते मी आता. म्हणलं, पड, मी धरतो, आता माझी पाळी. पर ती पडली न्हाई, हसायलाच लागली, मंग सगळा हॉल हसायला लागला, सिस्टरबाई वरडत आल्या आन् त्या बी डोळं पुसायल्या. मी तर सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडलो. उभ्या जन्मात एवढा आनंद मला कवा झाला न्हाई.

आता ती बाजारात माझ्या पुढं चालती. जरा लंगडती, पर पुढंच. मी म्हणतो, दम धर जरा. ती म्हणती, खाटंखाली झोपून तुमचीच कंबर गेली, चला गुमान. मी चालतो. अल्ला सगळ्यांच्या घरात सुख ठिवो, आन् तिची पाठ अशीच माझ्या डोळ्यापुढं चालत ऱ्हावो, दुसरं काय मागायचं न्हाई मला.