वरचा गट

भाची: हात ओढू नकोस, नुसतं बघ. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही तळव्यापासून सुटतात. मध्ये नखाएवढी फट पडते. आणि मी ठरवलं की पडते, आपोआप नाही.

मामा: दिसतंय मला. आधी दार लाव.

भाची: ही व्हीलचेअर वळवून मी लावू? तू उभा आहेस ना.

मामा: (दार लावून) आणखी कुणाला दाखवलंस?

भाची: फिजिओबाईंना. म्हणजे त्यांनीच आधी पाहिलं.

मामा: झालं! आता गावभर होईल.

भाची: त्या तशा नाहीत. ‘खेळाडूंचे गट ठरवणाऱ्या तपासणीच्या डॉक्टरांना सांगायचं का, ते तुझं तू ठरव,’ एवढंच म्हणाल्या.

मामा: ठरवायचंय काय त्यात? परवा डॉक्टर म्हणतील, बोटं उघड. तू खांदा थोडा हलव, दात आवळ, जमत नाही म्हण. इतकी वर्षं जमत नव्हतंच ना?

भाची: आता सोंगही तूच शिकवणार?

मामा: गोळाफेक कुणी शिकवली? कमरेला पट्टे आवळून फेकायच्या खुर्चीत तुला बसवलं, तेव्हा अख्खं घर मला वेड्यात काढत होतं. तुझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

भाची: आणि हे ऐकवल्याशिवाय तुला अन्न पचत नाही.

मामा: ऐकवणारच! आपल्या गटात तू पहिली आहेस. बोटं उघडतात हे कळलं की तुला वरच्या गटात टाकतील. वरच्या गटातल्या मुलींची बोटं चालतात. तुझ्या फेकीएवढं त्या सराव संपल्यावर हसत-खिदळत फेकतात. संघातून नाव जाईल. तुझंही आणि माझंही.

भाची: ‘आणि माझंही’! आलं शेवटी तोंडातून.

मामा: आलं तर आलं. मी काय साधू आहे? माझी नोकरी आहे या संघात.

भाची: मग हाताला प्रकाशाचा शेक देणारं ते यंत्र कशाला आणलंस घरात?

मामा: दंडाचे स्नायू मोकळे होतील, फेक वाढेल म्हणून आणलं. बोटं कुणी मागितली होती?

भाची: मी.

मामा: काय?

भाची: मी मागितली होती. तू विचारलंच नाहीस कधी.

मामा: हे बघ, ही सगळी त्या यंत्राची करामत आहे. ते थांबलं की बोटं परत मिटतील. मग मिटलेली मूठ घेऊन वरच्या गटात काय करशील, टाळ्या वाजवशील? आजपासून यंत्र बंद. स्पर्धा होऊ दे, मग बस हवं तेवढं लावून.

भाची: बंदच आहे ते.

मामा: कधीपासून?

भाची: तपासणीची तारीख कळली तेव्हापासून. यंत्राचा पट्टा हाताला गुंडाळून बसते, बटण दाबत नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसणारा नाहीच, तुला काय कळणार?

मामा: मला बनवत होतीस?

भाची: तुला कशाला बनवू? मलाही तेच हवं होतं, जे तुला हवंय. वाटलं, मिटतील परत, म्हणजे कुणाला काही सांगायला नको. उठल्या उठल्या बघायचे, मिटली का. स्वतःचा हात बिघडायची वाट बघत होते मी, मामा! नाही मिटली. उलट काल सदऱ्याचं बटण लावलं. यंत्राने झालं की सरावाने, मला माहीत नाही. झालंय, एवढं खरं.

मामा: बटण! बटण लावल्याबद्दल पदक देतात का कुठे?

भाची: आपल्या गटात दुसरी येते ना, तिला बाटलीचं झाकण दातांनी उघडावं लागतं. तिच्याशेजारी बसून मी सोंग करू?

मामा: तिची काळजी करायला तिची माणसं आहेत. मी माझी उमेदीची वर्षं तुझ्यामागे घातली.

भाची: म्हणून तर आजवर गप्प होते.

मामा: मग आणखी दोन दिवस राहा. नाहीतर सांगून ठेवतो, यापुढे सराव नाही, नेणं-आणणं नाही. मैदानावर दिसलीस तरी मी ओळख देणार नाही.

भाची: खरंच असं करशील?

मामा: सांगून तर बघ डॉक्टरांना.

भाची: बरं झालं, स्पष्ट बोललास. तुझं मन मोडेल या भीतीने माझी जीभ उचलत नव्हती.

मामा: आणि आता?

भाची: परवा डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी मीच सांगणार आहे, मला वरच्या गटात घाला.